बिऱ्हाड हलवताना नातवंडांचा दिवस सांभाळा

घर बदलायचं ठरलं की कामांच्या वाटण्या आपोआप होतात. मुलगा गाडी आणि हमाल पाहतो, सून स्वयंपाकघर आवरायला घेते आणि ‘आबाजी, तुम्ही जरा पोरांकडे पाहा’ असं म्हणून आजी-आजोबांना बाजूला बसवलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्यांना हलकं काम दिलं. पण त्या महिना-दीड महिन्यातलं सगळ्यांत जोखमीचं काम हेच असतं. काचेचा सेट फुटला तर नवा आणता येतो. चार वर्षांच्या पोराची झोप मोडली की साऱ्या घराची मोडते.

यवतमाळ जिल्ह्याला बिऱ्हाड हलवणं नवं नाही. पैनगंगेवरच्या इसापूर धरणासाठी गावं उठली, बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पासाठी उठली, वणी भागात कोळसा खाणींसाठी उठली. शिवाय मुलांच्या शाळेसाठी किंवा नोकरीसाठी खेड्यातून पुसद, वणी, दारव्हा, यवतमाळ गाठणारी घरं दरवर्षी असतातच. कारण कोणतंही असो, आजी-आजोबांनी धरून ठेवायचा नियम एकच: मुलांच्या रोजच्या दिवसाला लागतं ते सामान सगळ्यांत शेवटी बांधायचं आणि नव्या घरी सगळ्यांत आधी सोडायचं. पुढचं सगळं या नियमाच्या पोटातलंच आहे.

दिवस कोणते निवडावेत

शाळेत जाणारी मुलं असतील तर उन्हाळ्याची सुटी सोयीची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रानंतर काही दिवसांनी, जूनच्या अखेरीकडे उघडतात. म्हणजे हाताशी थोडे जास्त दिवस मिळतात. पण त्याच दिवसांत आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर असतो. म्हणून मेमध्ये सामान हलवायचं असेल तर गाडी पहाटे लावायची आणि दहाच्या आत भरून मोकळं व्हायचं. उरलेलं संध्याकाळी. दुपारी बारा ते चार या वेळात लहान मुलं आणि साठीच्या पुढची माणसं गाडीच्या आसपासही नकोत. उन्हाचा तडाखा सगळ्यांत आधी या दोघांनाच बसतो आणि दोघंही ‘मला काही होत नाही’ म्हणण्यात पटाईत असतात.

कैरीचं पन्हं आदल्या रात्रीच करून ठेवा. ओआरएसची पाकिटं स्वयंपाकघराच्या खोक्यात न टाकता तुमच्या पिशवीत ठेवा. मूल अचानक गप्प झालं, अंग तापलं, लघवी कमी झाली, तर सामान राहू द्या आणि दवाखाना गाठा.

एप्रिल-मे हे वाळवणाचेही दिवस. कुरडया, शेवया, मूगवड्या यंदा जुन्याच गच्चीवर उरकून घ्या. नव्या जागी ऊन कुठे पडतं, माकडं येतात का, हे कळायला एक उन्हाळा जातो. शिवाय पापड लाटताना मुलांचे हात गुंतलेले असतात आणि गोष्टी बोलायला वेळ मिळतो. घर बदलण्याची गोष्ट काढायलाही ती वेळ चांगली.

मुलांना सांगायचं कधी, कसं

आधी मुलगा-सुनेशी बसून एकच उत्तर ठरवा. आईने ‘पुढच्या महिन्यात’ म्हणायचं आणि आजीने ‘अजून काही नक्की नाही रे’ म्हणायचं, यात पोराचा दोघींवरचा विश्वास जातो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला महिनाभर आधी सांगून उपयोग नाही. त्याला महिना म्हणजे किती ते कळत नाही. आठवडाभर आधी सांगा आणि रोज एक नवी गोष्ट सांगा: तिथे जिना आहे, तिथे तुझी गादी खिडकीपाशी लावू. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला मात्र ठरल्याबरोबर सांगा. त्याला शेजाऱ्याकडून कळलं तर तो रागावतो आणि ते बरोबरच आहे.

दोन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. ‘दंगा केलास तर तुला इथेच सोडून जाऊ’ हे थट्टेतही नको. बांधलेली गाठोडी समोर दिसत असताना मुलाला ते खरं वाटतं. आणि ‘आपण फिरायला चाललो’ हे खोटंही नको. रात्र झाल्यावर मूल ‘आता घरी चला’ म्हणतं, तेव्हा त्याला द्यायला उत्तर उरत नाही.

मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारील: मोत्या येणार का, माझी सायकल येणार का, तू येणार का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा असतो. त्याचं उत्तर दर वेळी तितक्याच शांतपणे द्या. तुम्ही गावातच राहणार असाल आणि नातवंडंच जाणार असतील, तर तेही स्पष्ट सांगा. फोनची एक वेळ ठरवा, भेटीचा पहिला दिवस कॅलेंडरवर त्याच्याच हाताने खुणावून घ्या आणि तो पाळा.

जमलं तर सामान हलवण्याआधी मुलाला नवं घर दाखवून आणा. हे काम आजी-आजोबांनीच करावं. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ वर्षांच्यांना अर्धं आहे, बायकांना कोणत्याही वयात अर्धं आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धंच. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. नव्या गावात मुलाला तीन ठिकाणं दाखवा: घर, शाळा आणि जिथे खेळायला मिळेल ती जागा. बाकीचं त्याला तेव्हा नको असतं.

दिवसातल्या तीन वेळा मोडू देऊ नका

घरभर खोकी पडलेली असताना पूर्ण वेळापत्रक सांभाळणं कुणालाच जमत नाही. तीन वेळा तेवढ्या धरून ठेवा.

पहिली सकाळची: उठणं, दूध, नाश्ता. त्यासाठी एक गॅस, एक गंज, चहाची गाळणी आणि मुलांची ताटं-पेले शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर ठेवायला सुनेला सांगा. चार-पाच दिवस सलग आलूबोंडे आणि बिस्किटांवर काढले तर पोट बिघडतं आणि मग चिडचिड घराच्या नावावर खपते.

दुसरी दिवेलागणीची. शुभंकरोति, हरिपाठ, बुद्धवंदना, नमाज, सेवालाल महाराजांचं नाव, घरात जे चालत असेल ते त्याच वेळी व्हावं. देव्हारा किंवा फोटो शेवटच्या फेरीत जाऊ द्या. गाडीवाल्याचा फोन आला तरी ही दहा मिनिटं सोडू नका.

तिसरी झोपेची. तीच गोधडी, तीच उशी, तीच कुशीतली जागा. गोधडी धुऊन स्वच्छ करून नव्या घरी न्यावी असं सुनेला वाटणं साहजिक आहे, पण लहान मुलाची गोधडी घर हलवण्याच्या आधी आणि नंतर काही दिवस धुऊ नये. तिच्या वासावर मूल झोपतं.

या तीन वेळांच्या मधे दिवस कसाही जाऊ द्या. मोबाइल मात्र आजोबांच्या हातून मिळणारी लाच होऊ देऊ नका. किती वेळ द्यायचा ते मुलगा-सुनेशी ठरवा आणि घर बदललं तरी तोच हिशेब ठेवा. महिनाभर दिलेली सूट नंतर काढून घेणं फार जड जातं.

बांधाबांधीत मुलांचा हात

प्रत्येक नातवंडाला त्याची एक पिशवी द्या. शाळेचं जुनं दप्तरही चालेल. त्यात काय जाईल ते मूलच ठरवील आणि ती पिशवी सामानाच्या गाडीत न जाता त्याच्या मांडीवर जाईल. दगड, रिकाम्या डब्या, तुटका कंपास निघाला तरी बोलू नका. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी मात्र याच पिशवीत, फडक्यात गुंडाळून जाऊ द्या. पोत्यात गेलेल्या नंदीचं शिंग मोडतं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची आठवण निघते.

उरलेल्या खेळण्यांचे तीन ढीग करा: न्यायचं, द्यायचं, विचारायचं. तिसरा ढीग महत्त्वाचा. मूल आज ‘हो’ म्हणून उद्या ‘नाही’ म्हणतं, म्हणून तो ढीग दोन दिवस तसाच राहू द्या. मुलाच्या पाठीमागे खेळणी भंगारवाल्याला देऊ नका. द्यायच्या वस्तू त्याच्याच हाताने शेजारच्या लहान मुलाला द्यायला लावल्या तर त्याला त्याचं कौतुक वाटतं. मागच्या वर्षीची चांगली पुस्तकंही अशीच द्यावीत.

पाच वर्षांचं मूल चमचे मोजून फडक्यात बांधू शकतं. आठ वर्षांचं खोक्यांवर नावं लिहू शकतं. बारा वर्षांच्या नातीला सगळ्या खोक्यांची वही सांभाळायला द्या. कोणत्या नंबरच्या खोक्यात काय आहे हे तिलाच विचारावं लागलं की तिचा रुबाब वाढतो आणि तुमची शोधाशोध वाचते.

या वस्तूंवर तुमचीच नजर हवी

शेतकरी घर हलताना सगळ्यांत मोठा धोका फवारणीच्या औषधांचा. २०१७च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते कुणी विसरलेलं नाही. कीटकनाशकाचे डबे घरच्या सामानात, धान्याबरोबर किंवा मुलं बसतील त्या गाडीत नेऊ नयेत. रिकाम्या डब्यात पाणी, तेल भरू नये आणि तो मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. औषध शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय असेल, तर घर हलवण्याच्या आधी अशी बाटली शोधून काढणं हे तुमचं पहिलं काम.

धान्याच्या कोठीत कीड लागू नये म्हणून टाकतात त्या विषारी गोळ्यांमधून वायू निघतो. तशी कोठी बंद गाडीत मुलांसोबत किंवा ती झोपतात त्या खोलीत ठेवू नका. डांबरगोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध हेही बांधाबांधीत फडताळावरून जमिनीवर येतं आणि रांगत्या मुलाच्या हाताशी लागतं.

चौथी गोष्ट तुमचीच. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या एरवी वरच्या कप्प्यात असतात. घर हलताना उशीखाली किंवा पिशवीच्या वरच्या खणात येतात. रंगीत गोळी मुलाला चॉकलेटसारखी दिसते. झाकण घट्ट लागणारा एक डबा घ्या आणि तो कमरेच्या वरच ठेवा. मुलाने काही गिळल्याची शंका आली तर घरी ओकारी काढायला लावू नका. ती बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट घेऊन थेट रुग्णालयात जा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. नव्या घरापासूनचा जवळचा सरकारी दवाखाना कोणता, हेही आधीच विचारून ठेवा.

जुन्या घरातल्या पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग, गोवऱ्या, कवेलूंची रास हलवायची असेल तेव्हा मुलांना शेजारी पाठवा. तिथे विंचू-साप असतात. साप चावला तर चावलेला भाग हलू देऊ नका, चिरू नका, घट्ट दोरी आवळू नका. मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठा.

नव्या घरी पोचल्यावर मुलांना आत सोडण्याआधी स्वतः एक फेरी मारा. जिन्याला कठडा आहे का, पाण्याच्या टाक्याला झाकण आहे का, उघडी वायर कुठे लोंबते का, मोरीची कडी आतून लागून अडकते का. बांधकाम अर्धवट असेल तर गच्चीचं दार कुलूपबंदच ठेवा.

आणि हो, नातवाला कडेवर घेऊन स्टुलावर चढू नका. पेटी उचलण्याची हौस नको. दुपारची तुमची झोपही मुलांच्या झोपेइतकीच राखा. तुम्ही पडलात तर पोरांना पाहायला कोण?

एक कापडी पिशवी कागदांची

कागद मोठ्या आलमारीत न टाकता एका पिशवीत तुमच्याजवळ ठेवा.

शाळा बदलणार असेल तर शाळा सोडल्याचा दाखला सुटी लागायच्या आधीच मागा. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९चं कलम ५ लक्षात असू द्या. मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे, जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवून ठेवता येत नाही. गुणपत्रक आणि मुलाचा ऑनलाइन नोंदीचा विद्यार्थी क्रमांक जुन्या शाळेतून लिहून घ्या.

अंगणवाडीतलं मूल असेल तर सेविकेला सांगून नव्या ठिकाणी नोंद करून घ्या. लसीकरणाचं कार्ड पिशवीत हवंच: दीड ते दोन वर्षांदरम्यानचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर अशा धावपळीतच राहून जातो. मूल पाच वर्षांचं झालं की आधारसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, पुन्हा पंधराव्या वर्षी. पत्ता बदलताना तेही उरकून घ्या.

तुमचे कागद: रेशनचं धान्य आता कोणत्याही रास्त भाव दुकानातून अंगठा देऊन मिळतं, म्हणून गाव बदललं तरी महिना बुडू देऊ नका. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचं मानधन असेल आणि तालुका बदलणार असेल, तर तहसील कार्यालयातल्या त्या शाखेला नवा पत्ता कळवा. पेन्शनरांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला कुठे द्यायचा ते बँकेत विचारून ठेवा. मतदार यादीतला पत्ता बदलायचा अर्ज म्हणजे नमुना ८.

गाव उठत असेल तेव्हा

एक घर शहरात जातं तेव्हा गाव मागे राहतं; सणाला परतता येतं. धरणात किंवा खाणीत सारं गाव जातं तेव्हा परतायला जागा राहत नाही. अशा वेळी नातवंडांसोबत एक काम नक्की करा: गावाचा नकाशा काढा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पांदण, विहिरी, पार, शाळा, नाला, कोणाचं घर कुठे, कोणत्या शेताला काय नाव, हे तुम्ही सांगा आणि त्यांना काढू द्या. शेताची नावं सातबाऱ्यावर असतीलच असं नाही. कित्येक फक्त तुमच्या तोंडी असतात. शाळेसमोर, पारावर, घराच्या दारात मुलांचे फोटो काढून घ्या आणि ते छापून आणा. मोबाइल बिघडला की त्यातले फोटोही जातात.

नव्या गावठाणात कोणत्या सोयी हव्यात याची यादी २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. पिण्याचं पाणी, रस्ते, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, मुलांसाठी मैदान, स्मशानभूमी ही त्यातली काही नावं. ग्रामसभेत बहुतेक बोलणं मोबदल्यावर आणि नोकरीवर होतं. अंगणवाडी आणि मैदान कुठे, हे विचारणारं म्हातारं माणूस तिथे हवं. शेजारच्या चार घरांनी मिळून सोबतच्या भूखंडांची मागणीही वेळेत करावी. पोरांचे सवंगडी सोबत आले तर निम्मं काम तिथेच होतं.

नव्या घरातले पहिले दिवस

दूध उतू घालायचं असेल तर पातेल्याजवळ मुलांना घेऊन बसा, पण चुलीपासून हातभर लांब. त्यानंतर पहिलं खोकं सोडायचं ते मुलांचं: अंथरूण, ताट-पेला, रात्रीचा दिवा, मच्छरदाणी. जुन्या घरी जो ज्याच्या बाजूला झोपत होता तोच क्रम पहिले काही दिवस ठेवा. रात्री उठून मोरीकडे कसं जायचं ते दिवसाउजेडी दोनदा चालून दाखवा.

यवतमाळ शहरात येणार असाल तर नळ रोज येईल असं धरून चालू नका. शेजाऱ्यांना पहिला प्रश्न पाण्याच्या दिवसाचा विचारा आणि गुंड, टाकी आधी भरून घ्या. खेड्यातल्या मोकळ्या पाण्याची सवय असलेल्या मुलांना मोजून पाणी वापरणं शिकवायलाही तुम्हालाच सांगितलं जाईल.

पहिल्या आठवड्यात मुलाला घेऊन रोज एकच रस्ता चाला, शाळेपर्यंत आणि परत. वाटेतल्या खुणा त्याच्याकडून वदवून घ्या: किराणा दुकान, पिठाची गिरणी, चौकाचं नाव. आई-बाबांचा एक फोन नंबर तोंडपाठ करून घ्या. खेड्यात हरवलेलं पोर कुणीतरी ओळखून घरी आणून सोडतं. शहरात त्याला स्वतःला सांगता आलं पाहिजे.

घरात गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलत असाल तर नव्या ठिकाणीही नातवंडांशी तीच बोला. वऱ्हाडी बोलणाऱ्या आजीनेही शहरात आल्यावर एकदम पुस्तकी व्हायची गरज नाही. नव्या शाळेत मूल दिवसभर नवं बोलणं ऐकून येतं. घरी आल्यावर त्याला ओळखीचं बोलणं हवं असतं.

पहिले दोन-तीन आठवडे मूल अंथरूण ओलं करील, पदर सोडणार नाही, जेवणावर रुसेल. त्यावर रागवू नका, शेजारणीपुढे त्याची थट्टाही करू नका. महिना उलटला तरी झोप लागत नाही, शाळेच्या नावाने पोट दुखतं, खेळणं बंदच झालं, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तो मोठ्यांसाठीही आहे. नव्या घरी तुम्हालाच करमत नसेल, रात्र रात्र जाग येत असेल, तर तुम्हीही फोन करायला लाजू नका.

महिन्याभराने एक हिशेब मांडा. मुलाला नव्या गावातल्या दोन सवंगड्यांची नावं सांगता येतात का? शाळेचा रस्ता ठाऊक आहे का? ते जुन्या वेळेला झोपतं का? तुम्हाला स्वतःला बसायला ओळखीचा एक ओटा मिळाला का? चारही उत्तरं ‘हो’ आली तर बिऱ्हाड लागलं असं समजा. न उघडलेली खोकी कोपऱ्यात असली तरी चालतील. ती दिवाळीच्या साफसफाईत निघतील.